ढाक्याची गंगाजळी आणि सांगोल्याची तोड : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

२०२२ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या एका डाळिंब निर्यात पेढीचा बांगलादेशाशी चाललेला व्यवहार हंगामाच्या ऐन मध्यावर अडला. गिऱ्हाईक बुडाले नव्हते, मालात खोट नव्हती, भावावरून वादही नव्हता. अडले ते डॉलरवर, आणि तोही गिऱ्हाइकाच्या खिशातला डॉलर नव्हे, त्याच्या देशाच्या तिजोरीतला. पेढीने कोणत्या टप्प्यावर काय ठरवले आणि का, याची ही नोंद आहे. माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नाती आणि व्यवहाराचे काही तपशील बदलले आहेत. बांगलादेशाविषयीचे आकडे आणि तारखा मात्र जशाच्या तशा आहेत.

पेढी तिघांची. थोरले अण्णा, मार्केट यार्डात अडतीचा जुना गाळा असलेले. त्यांचा पुतण्या बँक, कागदपत्रे आणि ढाक्याचे फोन पाहतो. तिसरे भागीदार सांगोला तालुक्यातले बागायतदार. आधी शाळेत शिकवत, म्हणून सगळे त्यांना सर म्हणतात.

त्या वर्षी सांगोल्यात माल मुळातच कमी होता. खोडकिडा आणि मर रोगाने आधीच्या दोन हंगामांत बागांची दाणादाण उडवली होती. कित्येकांनी उभी झाडे जेसीबी लावून काढली. ज्यांच्या बागा तगल्या त्यांनी आंबे बहार (जूननंतर तोडीला येणारा डाळिंबाचा हंगाम) धरला होता आणि त्यांच्या दारात व्यापाऱ्यांची रांग होती. साहजिकच पेढीला नेहमीपेक्षा लवकर आणि नेहमीपेक्षा जास्त इसार द्यावा लागला. एप्रिल-मेमध्येच बऱ्याच बागांचे जागेवर सौदे झाले. तोड जून अखेरपासून सुरू व्हायची होती.

मालाचा मोठा वाटा ढाक्याच्या बादामतली फळबाजारातल्या एका आयातदाराकडे जाई. युरोपला लागतो तसा डागविरहित, फवारणीच्या उर्वरित अंशाच्या कडक तपासणीचा माल तिथे लागत नाही. मध्यम आकाराचा भगवा जातीचा माल कॅरेटमध्ये भरायचा, ट्रकने कोलकात्यापर्यंत आणि पुढे पेट्रापोल-बेनापोल सीमेवरून पलीकडे. पैसे एलसीवर, म्हणजे आयातदाराच्या बँकेच्या हमीपत्रावर. हा आयातदार शब्दाचा पक्का. सगळ्या प्रकरणात त्याच्याविषयी कोणाची तक्रार नाही, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

ताण कुठून आला

बांगलादेश बँकेची, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेची, परकीय चलनाची गंगाजळी ऑगस्ट २०२१ मध्ये ४८ अब्ज डॉलरच्या वर होती, तोवरचा उच्चांक. कोविडच्या काळात आयात आटली होती, परदेशी प्रवास बंद होता, हुंडीचे, म्हणजे बँकेबाहेरून पैसे पाठवण्याचे, मार्गही थंडावले होते, त्यामुळे परदेशातल्या कामगारांचा पैसा बँकेतून येत होता. मग बाजार उघडले आणि आयात उसळली. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर तेल, गॅस, गहू, खाद्यतेल, जहाजभाडे सगळेच महागले. २०२१-२२ या त्यांच्या आर्थिक वर्षात (जुलै ते जून) आयात ८२ अब्ज डॉलरवर गेली आणि व्यापारी तूट ३३ अब्जांवर. त्याच वर्षी कामगारांकडून येणारा पैसा घटला.

इथे एक बारकावा आहे, जो पेढीतल्या कोणाच्याही ध्यानात आला नव्हता. गंगाजळीचा जो आकडा छापून येई त्यात निर्यात विकास निधीचे सुमारे ७ अब्ज डॉलर धरलेले होते. हा पैसा तिथल्या कापड निर्यातदारांना कच्च्या मालासाठी कर्जाऊ दिलेला. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी म्हणत होता की जो पैसा उद्या सकाळी हाताशी येणार नाही तो गंगाजळीत मोजू नका. श्रीलंकेला दिलेले २० कोटी डॉलरही त्यातच होते. आणि श्रीलंकेने तर एप्रिल २०२२ मध्ये बाहेरच्या कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर केले. म्हणजे वरचा आकडा एक आणि वापरता येण्याजोगा दुसराच.

दुसरा बारकावा हिशेबाच्या तारखांचा. भारत-बांगलादेश व्यापाराचे पैसे आशियाई समाशोधन संघामार्फत फिरतात. निर्यातदाराला त्याची बँक नेहमीसारखेच पैसे देते, पण मध्यवर्ती बँका आपसातला निव्वळ हिशेब दर दोन महिन्यांनी चुकता करतात. बांगलादेश भारताकडून घेतो पुष्कळ आणि देतो थोडे, त्यामुळे जानेवारी, मार्च, मे, जुलै अशा दर एकाआड एक महिन्याच्या सुरुवातीला त्याच्या गंगाजळीतून एकदम मोठी रक्कम जाते. जुलै २०२२ मध्ये असे सुमारे २ अब्ज डॉलर गेले आणि आकडा दोन वर्षांत प्रथमच ४० अब्जांखाली आला.

पहिला निर्णय : मे अखेर

खरे तर इशारे पायरीपायरीने आले होते. ११ एप्रिलला बांगलादेश बँकेने अनावश्यक आयातीच्या एलसीवर किमान २५ टक्के रोख मार्जिन (एलसी उघडताना आयातदाराने आधीच भरायची रक्कम) घ्यायला बँकांना सांगितले. १० मे रोजी ते बहुतेक अनावश्यक मालावर ५० आणि मोटारी-इलेक्ट्रॉनिक्सवर ७५ टक्के झाले. मेच्या शेवटच्या आठवड्यात फळांसह १३५ वस्तूंवर नियामक शुल्क वाढवले. फळांवर ते ३ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर गेले. टाकाही (बांगलादेशाचे चलन) त्याच सुमारास डॉलरला ८६-८७ वरून घसरू लागला होता.

आयातदाराचा फोन आला तो शुल्काबद्दल. माल घेणार, पण भाव खाली आणा, असे त्याचे म्हणणे. पुतण्याने तेव्हा ढाक्याचा वाटा निम्म्यावर आणावा आणि नवे इसार थांबवावेत असे सुचवले. अण्णांनी ते उडवून लावले. त्यांचा युक्तिवाद साधा होता आणि मला तो आजही मूर्खपणाचा वाटत नाही. "आरं, एक्क्याण्णवला आपल्याकडं दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरता डॉलर उरला हुता. सोनं गहाण टाकलं सरकारनं. ह्यांच्याकडं पाच-सहा महिन्यांचं हाय. काय हुतंय?"

आकडेमोड बरोबर होती. वर्षाला ८२ अब्जांची आयात म्हणजे महिन्याला साधारण ७ अब्ज. ४० अब्जांत साडेपाच महिने निघतात. तीन महिन्यांची आयात भागली तरी गंगाजळी पुरेशी, असा ढोबळ दंडक सगळीकडे वापरला जातो. पण अण्णांनी १९९१ चा शेवट लक्षात ठेवला होता, सुरुवात नाही. त्यांचे मेहुणे तेव्हा सोलापूरच्या सूतरंगाईवाल्यांसाठी आयात रंगरसायने आणत. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर १९९० मध्ये आयातीवर ५० टक्के रोख मार्जिन लावले, मार्च १९९१ मध्ये ते १३३ टक्क्यांवर आणि एप्रिलमध्ये २०० टक्क्यांवर नेले. मेहुण्यांचा धंदा सोने परदेशी जाण्याच्या कितीतरी आधी, या पायऱ्यांवरच बसला. कोणतेही सरकार तिजोरी रिकामी होण्याची वाट पाहत नाही. ती वेगाने उतरायला लागली की आधी बिनगरजेच्या आयातीचा गळा आवळते, आणि त्या यादीत फळे, मोटारी आणि अत्तरे पहिल्या रांगेत असतात. भुकेल्या देशाला गहू लागतो, डाळिंब नाही.

निर्णय झाला तो असा: भाव थोडा खाली आणायचा, इसार दिलेल्या बागा ठेवायच्या, नव्या घ्यायच्या नाहीत. मधला मार्ग. पुतण्याने आपल्या हट्टाने एक गोष्ट करून घेतली, ती म्हणजे ईसीजीसीच्या (निर्यातदारांना बुडीत पैशाचा विमा देणारी सरकारी कंपनी) पॉलिसीत या आयातदाराची आणि त्याच्या बँकेची मर्यादा तपासून नीट करून घेतली.

दुसरा निर्णय : ४ जुलैनंतर

४ जुलै २०२२ च्या परिपत्रकाने फळे-फुले १०० टक्के मार्जिनच्या यादीत गेली. शिवाय मार्जिनचा पैसा आयातदाराने स्वतःच्या पदरचा भरायचा, त्यासाठी बँकेने कर्ज द्यायचे नाही.

याचा अर्थ बादामतलीतल्या माणसाच्या जागी बसून पाहिला पाहिजे. पूर्वी तो थोडे पैसे भरून एलसी उघडे, माल विकून बँकेचे देई आणि त्याच भांडवलावर महिन्यातून बरेच फेरे मारी. आता प्रत्येक एलसीची पूर्ण रक्कम टाक्यांत आधीच अडकणार. त्यावर वाढीव शुल्क वेगळे. आणि एवढे करूनही बँकेजवळ टाके जमा झाले, डॉलर नाहीत. ते बँकेला बाजारातून मिळवायचे, आणि बाजारात ज्याच्याकडे आहेत तो उद्या भाव वाढेल म्हणून सोडत नाही. टाका दरम्यान घसरला तर आज भरलेले १०० टक्के मार्जिन महिन्याभरात अपुरे पडते. तसे ते पडलेही. जुलैत ९३-९४ असलेला बँकांमधला दर सप्टेंबरच्या मध्यात १०६ च्या आसपास गेला.

पेढीच्या हातात त्या दिवशी परिपत्रकाआधी उघडलेली एक एलसी होती, तिच्यावरच्या काही गाड्या गेलेल्या, काही जायच्या. झाडावर मात्र बराच माल होता. तोड लांबवता येते, पण फार नाही. पावसात फळ तडकते, तेल्या रोगाचे डाग वाढतात.

समोर आलेले पर्याय

आयातदाराने स्वतःच तीन वाटा सुचवल्या.

पहिली: बिलावर निम्माच भाव लावा, तेवढ्याचीच एलसी उघडतो, उरलेले हुंडीने पोचवतो. मार्जिनही वाचते, शुल्कही. बाजारात त्या आठवड्यांत अनेकांनी हेच केले असणार, असा माझा अंदाज. अण्णांनी ही वाट एका वाक्यात बंद केली आणि त्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. निर्यातीचा पूर्ण मोबदला बँकेमार्फत आणणे हे परकीय चलन कायद्याने बंधनकारक आहे. एका हंगामासाठी परवान्यावर पाणी सोडण्यात अर्थ नव्हता. आणखी एक गोष्ट पुतण्याच्या ध्यानात आली होती. ऑगस्टमध्ये ढाक्याच्या खुल्या बाजारात डॉलर ११९-१२० टाक्यांना जात होता, बँकेत ९५ ला. दुबईतला कामगार मग बँकेतून पैसे कशाला पाठवेल? हुंडीवाल्याला ते डॉलर हवेत ते अशाच चोरट्या बिलांसाठी. म्हणजे मार्जिन चुकवण्याची ही युक्तीच गंगाजळीत येणारा पैसा बाहेर वळवत होती.

दुसरी: १२० दिवसांच्या मुदतीची एलसी. आज माल, चार महिन्यांनी पैसे. सरांना ही बरी वाटली, कारण बागायतदारांचे सौदे मोडावे लागणार नव्हते. पुतण्याचा प्रश्न होता, चार महिन्यांनी डॉलर जास्त असतील असे मानायला आधार काय? सगळे जण देणी पुढे ढकलत असतील तर ती सगळी एकाच सुमारास अंगावर येतील. एका देशाच्या गंगाजळीवर अल्प मुदतीचा ताण येतो तो बऱ्याचदा असाच, आजच्या तुटीपेक्षा ढकललेल्या देण्यांच्या तारखा जुळल्यामुळे.

तिसरी: एलसी उघडेपर्यंत माल सीमेवर आणून ठेवा, मंजुरी आली की लगेच पलीकडे.

चौथा पर्याय पेढीने आपल्या बँकेकडे विचारला: ढाक्याच्या एलसीला दुसऱ्या बँकेची पुष्टी, म्हणजे ढाक्याने दिले नाही तर ती बँक देईल. शुल्क इतके सांगितले गेले की मध्यम मालातला नफा त्यातच संपला असता. ११ जुलैला रिझर्व्ह बँकेने रुपयात परकीय व्यापार करण्याची व्यवस्था जाहीर केली तेव्हा पुतण्या दोन दिवस हुरळून होता. पण त्यासाठी बांगलादेशी बँकेचे खास रुपया खाते भारतात हवे; ते त्या हंगामात नव्हते.

ठरले ते असे. हातातल्या एलसीवर बसेल तेवढा माल लगेच पाठवायचा. मुदतीचा व्यवहार करायचा नाही. उरलेल्यातला चांगला माल शीतगृहात. डाळिंब ५-६ अंशांवर दोन-अडीच महिने टिकते. बाकीचा दिल्लीच्या आझादपूर मंडीकडे आणि दक्षिणेकडे.

बनगावातली गाडी

या निर्णयातला कच्चा दुवा म्हणजे शेवटची गाडी. ती निघाली तेव्हा एलसीची माल पाठवण्याची मुदत संपत आली होती. आयातदाराने मुदतवाढ मिळेल असे सांगितले, आणि एरवी ती एका दिवसात मिळत असे. या वेळी त्याची बँक गप्प राहिली. नव्या परिपत्रकानंतर जुन्या एलसीला मुदतवाढ दिली तर ती जुन्या मार्जिनवर मानायची की नव्या, हे तिथल्या अधिकाऱ्यालाच ठरवता येत नव्हते.

गाडी सीमेअलीकडे बनगावच्या पार्किंगमध्ये उभी राहिली. साधी ताडपत्रीची गाडी, वातानुकूलित नाही. बंगालच्या दमट पावसात कॅरेटच्या तळाची फळे देठाकडून मऊ पडायला लागली. चालकाने फोटो पाठवले. अण्णा म्हणत होते आणखी थांबू, पार्टी आपली आहे. पुतण्याचे म्हणणे: "काका, पार्टी आपलीच हाय. पण सही पार्टीची नको हाय, बँकेची हवी हाय."

शेवटी गाडी मागे फिरवून कोलकात्याच्या मेछुआ फळबाजारात रिकामी केली. भाव पडूनच मिळाला, कारण ढाक्याला जाऊ न शकलेल्या इतरांच्या गाड्याही तिथेच आल्या होत्या. ईसीजीसीकडून या नुकसानीची भरपाई मागण्याचा विचार झाला. पण एलसीची मुदत संपता संपता धोका पत्करून रवाना केलेला माल, त्यात सीमा ओलांडलेली नाही आणि तो पेढीनेच दुसरीकडे विकलेला. कागद उभा राहत नव्हता. दावा केला नाही.

बागायतदारांशी बोलणी

हा भाग कागदावर कुठेच नाही, पण पेढीच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक होता. जागेवर ठरलेला दर आता देशी बाजारात निघत नव्हता. सरांनी बागायतदारांना एकत्र न बोलावता प्रत्येकाच्या बागेत जाऊन सांगितले, आणि ढाक्यातले परिपत्रक मोबाइलवर दाखवले. काहींनी दर कमी करून दोन टप्प्यांत तोड मान्य केली. एकाने इसार परत करून माल स्वतः पंढरपूरच्या सौद्याला नेला आणि त्याला पेढीपेक्षा बरा दर मिळाला. एकाचे म्हणणे कडू होते. तेजी आली तेव्हा तुम्ही दर वाढवून दिला नाही, मंदी आली की ती आमच्या वाट्याला? त्याला सरांनी ठरलेलाच दर दिला. अण्णा त्यावर नाराज झाले. मला विचाराल तर त्या एका पट्टीमुळे, म्हणजे ठरल्या दराने चुकता केलेल्या हिशेबामुळे, पुढच्या हंगामात गावातल्या बागा पेढीकडे राहिल्या.

निकाल

सीमेपलीकडे गेलेल्या मालाचे पैसे सगळे आले. कागद वेळेत स्वीकारले गेले, पण ढाक्याच्या बँकेने डॉलर पाठवायला आठवड्यांमागून आठवडे लावले. निर्यातीचे पैसे आणण्याच्या तेव्हाच्या नऊ महिन्यांच्या मुदतीत ते बसले, म्हणून नियमाचा प्रश्न आला नाही. निर्यात कर्जाचे व्याज मात्र पेढीला पडले. शीतगृहातला माल सणांच्या तोंडावर देशातच बऱ्या भावाने गेला. मेछुआची गाडी आणि शीतगृहाचे भाडे धरून हंगाम तोट्यात संपला, पण पेढी चालू राहील इतपतच.

बांगलादेशाला जानेवारी २०२३ मध्ये नाणेनिधीचे ४.७ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर झाले. त्यातली एक अट गंगाजळी नाणेनिधीच्या पद्धतीने मोजून जाहीर करण्याची. जुलै २०२३ मध्ये पहिल्यांदा असा आकडा छापला तेव्हा जुन्या पद्धतीचे जवळपास ३० अब्ज नव्या पद्धतीने साडेतेवीस निघाले.

वेगळे काय करता आले असते

मे अखेरचा निर्णय माझ्या मते सर्वांत महाग पडला, बनगावची गाडी नव्हे. ती गाडी डोळ्यांत भरते, म्हणून पेढीत अजून तिचीच चर्चा होते. पण एप्रिल ते मे या सहा आठवड्यांत मार्जिनच्या दोन पायऱ्या आणि शुल्काची एक पायरी चढून झाली होती. तिसरी पायरी कधी येईल एवढाच प्रश्न उरला होता. तेव्हा ढाक्याचा वाटा कमी केला असता तर जुलैत झाडावर इतका अडकलेला माल राहिला नसता. पुतण्याची सूचना बरोबर होती. त्याच्याकडे कारण होते, पण अण्णांच्या १९९१ ला उत्तर देण्याइतके ते नेटके मांडलेले नव्हते.

आता तो तीन गोष्टी पाहतो. गंगाजळीचा आकडा समाशोधनाच्या हप्त्यानंतर किती उतरला आणि पुढच्या हप्त्यापर्यंत किती भरून आला. बँकेतला आणि खुल्या बाजारातला डॉलर यांच्यातले अंतर. आणि फळे कोणत्या यादीत आहेत. किती महिन्यांची आयात भागेल हा आकडा तो पाहतो, पण शेवटी. सौद्याच्या चिठ्ठीतही एक कलम आले आहे: आयातदार देशाने नवे निर्बंध लावले तर दर पुन्हा बोलायचा, तेजीतही आणि मंदीतही. हे दुसरे टोक त्या कडू बोललेल्या बागायतदारामुळे आले.

मुदतीची एलसी नाकारणे बरोबर होते का, यावर दोघा भागीदारांचे अजून जुळत नाही. सर म्हणतात, बाकीच्या एलसींचे पैसे उशिरा का होईना आले, मग तेही आले असते. आलेही असते. पण चार महिन्यांनी, म्हणजे नोव्हेंबरमध्ये, ढाक्यात डॉलरची चणचण जुलैपेक्षा वाईट होती, आणि पेढीला तोवर मृग बहाराचे, म्हणजे पुढच्या तोडीचे, इसार द्यायचे होते.

जुलै २०२३ मध्ये भारत-बांगलादेश व्यापार रुपयातही सुरू झाला आणि आयातदाराचा पुन्हा फोन आला, या वेळी रुपयात घेतो म्हणून. पुतण्याने होकार दिला, पण थोड्याच मालासाठी. २०२१-२२ मध्ये भारताने बांगलादेशाला १६ अब्ज डॉलरचा माल विकला आणि तिथून घेतला सुमारे २ अब्जांचा. ढाक्याच्या बँकेकडे रुपया येणार तो या २ अब्जांतूनच, आणि त्यावर डाळिंबाच्या आधी कापूस, सूत आणि तांदळाचा हक्क आहे.